ठरल्या तापमानाला तुटणारा बंध

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्याची ओळख पोलाद, पत्रा आणि यंत्रे यांच्यावरून केली जात असली, तरी येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाहनात रबर आणि प्लॅस्टिक यांचे लहानमोठे कितीतरी भाग असतात, आणि त्यांपैकी अनेकांचा टिकाऊपणा तापलेल्या साच्यातील पाच-दहा मिनिटांत ठरून जातो. या मिनिटांत रबराच्या अंतर्भागात जो रासायनिक बदल घडतो, तो घडवून आणणाऱ्या द्रव्यांमध्ये सेंद्रिय पेरॉक्साइडे हा महत्त्वाचा वर्ग आहे, आणि त्या वर्गातील डायक्युमिल पेरॉक्साइड हे संयुग रबर व केबल या दोन्ही धंद्यांत इतके रुळले आहे की कारखान्यात त्याला नुसते ‘डीसीपी’ म्हटले की पुरते. तयार वस्तूत हे संयुग जवळजवळ शिल्लक राहत नाही. ठरलेल्या तापमानाला स्वतः मोडून जाणे हेच त्याचे काम असल्यामुळे त्याचे गुण, त्याचे उपयोग आणि त्याचे धोके या तिन्ही गोष्टी एकाच मुळाशी जाऊन पोहोचतात.

संयुगाची रचना

ज्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू थेट एकमेकांना जोडलेले असतात त्याला पेरॉक्साइड म्हणतात. जखम धुण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोजन पेरॉक्साइड हे या कुळातील सर्वांत साधे उदाहरण असून, त्यातील हायड्रोजनच्या जागी कार्बनी गट आले की सेंद्रिय पेरॉक्साइड तयार होते. कार्बन-कार्बन बंध तोडण्यासाठी दर मोलला सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर डायक्युमिल पेरॉक्साइडमधील ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटण्यास तिच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे सुमारे १५० किलोज्यूल ऊर्जा पुरते. रेणू तापवला असता हा दुबळा बंध सर्वांत आधी मधोमध तुटतो आणि दोन्ही तुकड्यांकडे एकेक एकटा इलेक्ट्रॉन राहतो. असा एकटा इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या तुकड्याला मुक्त मूलक म्हणतात. तो अत्यंत क्रियाशील असतो आणि जवळच्या रेणूतून हायड्रोजनचा अणू ओढून घेऊन स्थिर होऊ पाहतो.

डायक्युमिल पेरॉक्साइडच्या रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. क्युमीन हे बेंझिन व प्रोपिलीन यांच्यापासून मिळणारे द्रव त्याचा मूळ कच्चा माल होय. क्युमीनवर हवेतील ऑक्सिजनची क्रिया करून क्युमीन हायड्रोपेरॉक्साइड मिळवतात आणि त्याचा क्युमिल अल्कोहोलशी आम्लाच्या सान्निध्यात संयोग घडवून आणला की डीसीपी तयार होते. शुद्ध स्वरूपात ते पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात आढळते व सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पुणे परिसरात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या शुद्ध मालाचे गोळे होणे किंवा तो मऊ पडणे हा नेहमीचा त्रास असतो. ही अडचण टाळण्यासाठी आणि मिश्रणात ते सारखे पसरावे यासाठी रबर कारखाने बहुधा कॅल्शियम कार्बोनेटसारख्या निष्क्रिय भुकटीवर चढवलेले ४० टक्के तीव्रतेचे डीसीपी वापरतात.

या संयुगाचा व्यवहारातील सर्वांत उपयुक्त गुण म्हणजे त्याचे अपघटन, म्हणजे मोडण्याची क्रिया, तापमानावरून आधीच सांगता येते. दिलेल्या तापमानाला निम्मा माल मोडण्यास जितका वेळ लागतो त्याला अर्धायुकाल म्हणतात. डीसीपीचा अर्धायुकाल सुमारे ११५ अंशांना दहा तासांच्या आसपास, सुमारे १३५ अंशांना एक तासाच्या आसपास आणि सुमारे १७५ अंशांना जेमतेम एक मिनिट असतो. साच्याच्या तापमानाच्या टप्प्यात दहा अंशांची वाढ झाली की मोडण्याचा वेग दुपटीहून अधिक होतो, आणि याच हिशेबाने खोलीच्या तापमानाला शांत पडून राहणारा हा पदार्थ तापलेल्या साच्यात काही मिनिटांत आपले काम उरकतो.

उद्योगपट्टा आणि त्याची गरज

पिंपरीचे औद्योगिक रूप १९५४ मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून आकाराला येऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झाले, आणि साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो व पिंपरीला टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, यांचा जम बसत गेला, तसा भोसरीच्या बाजूला त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांचा विस्तार झाला. पुढे चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले, महिंद्राचा प्रकल्पही तेथे आला, आणि पुरवठादारांची साखळी मोशी, तळवडे, महाळुंगे असे करत उत्तरेकडे सरकली.

मोठा कारखाना वाहन जुळवतो, पण त्यातील रबरी नळ्या, सील, रिंगा, बुश आणि डायफ्रॅम बहुतांशी बाहेरून येतात. गाडीचे इंजिन अधिक आटोपशीर व अधिक तापणारे झाले, शीतक द्रवाचे तापमान वाढले आणि वॉरंटीची वर्षेही वाढली, तेव्हा पूर्वीच्या रबराला न झेपणाऱ्या अपेक्षा या लहान भागांकडून केल्या जाऊ लागल्या. पेरॉक्साइडने पक्के केलेल्या रबराचे महत्त्व वाढण्यामागे हे कारण आहे.

गंधक की पेरॉक्साइड

कच्च्या रबराचे रेणू म्हणजे शिजवलेल्या शेवयांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या पण कोठेही न जोडलेल्या लांब साखळ्या असतात, त्यामुळे असे रबर उन्हात चिकट होते, थंडीत कडक होते आणि ताणले असता पूर्ववत होत नाही. या साखळ्यांना जागोजागी आडव्या बंधांनी जोडण्याच्या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. कारखान्याच्या बोलीत तिलाच ‘क्युरिंग’ म्हटले जाते. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये ही क्रिया गंधकाच्या साहाय्याने साधली आणि टायरसाठी आजही गंधकच वापरले जाते. बेंझॉइल पेरॉक्साइड वापरूनही रबर पक्के करता येते, हे १९१५ च्या सुमारास रशियन रसायनशास्त्रज्ञ इव्हान ऑस्ट्रोमिस्लेन्स्की यांनी दाखवले होते. मात्र या पद्धतीला व्यापारी महत्त्व विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, डायक्युमिल पेरॉक्साइड सहज मिळू लागल्यावर आले.

दोन्ही पद्धतींतील फरक आडव्या बंधाच्या जातीत आहे. गंधकाने जोडलेल्या दोन साखळ्यांमध्ये गंधकाच्या एक किंवा अनेक अणूंचा पूल असतो आणि तो दीर्घकाळच्या उष्णतेत तुटून पुन्हा नव्या जागी जुळू शकतो. पेरॉक्साइडच्या पद्धतीत मुक्त मूलक साखळीवरील हायड्रोजन काढून घेतो, त्यामुळे साखळीवरच एकटा इलेक्ट्रॉन उरतो, आणि अशा दोन साखळ्या शेजारी आल्या की त्यांचे कार्बन अणू थेट एकमेकांना जोडले जातात. हा कार्बन-कार्बन बंध उष्णतेला सहजी दाद देत नाही. शिवाय गंधकाला साखळीत दुहेरी बंध लागतात, तर पेरॉक्साइडला नुसता हायड्रोजन पुरतो. त्यामुळे ज्यांत दुहेरी बंध मुळीच नाहीत अशा पॉलिएथिलीनसारख्या बहुवारिकांनाही, म्हणजे लहान रेणूंच्या पुनरावृत्तीने बनलेल्या महारेणूंनाही, ते जोडू शकते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. पेरॉक्साइडने पक्के केलेले रबर फाटण्याला आणि वारंवार वाकण्याला गंधकी रबराइतका टिकाव धरत नाही, ते महाग पडते, आणि हवेतील ऑक्सिजन मुक्त मूलकांना मध्येच अडवत असल्यामुळे उघड्या गरम हवेत पक्के केल्यास त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो. मोटारीच्या दरवाजाभोवतीची लांब रबरी पट्टी गरम हवेच्या सलग लाइनवर तयार होत असल्याने तेथे सामान्यतः गंधकच वापरतात. उलट बंद साच्यात दाबून केल्या जाणाऱ्या भागांना आणि वाफेच्या बंद टाकीत पक्क्या होणाऱ्या नळ्यांना ही अडचण येत नाही.

साच्यातील मिनिटे

रबर मोल्डिंगच्या कारखान्यात हे काम कोणत्या क्रमाने चालते, हे पाहिले असता अर्धायुकालाचे गणित प्रत्यक्षात उतरलेले दिसते. प्रथम निडर नावाच्या बंद यंत्रात रबर, कार्बन ब्लॅक, तेल आणि इतर द्रव्ये मळली जातात. या मळणीत मिश्रण बरेच तापते, म्हणून पेरॉक्साइड या टप्प्यावर न घालता माल थंड झाल्यावर दोन रुळांच्या मिलवर शेवटी घालतात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या १०० भागांना ४० टक्के डीसीपीचे साधारण ५ ते ८ भाग लागतात. मिलवरचे तापमान हाताबाहेर गेले तर आडवे बंध वेळेआधीच जुळू लागतात आणि माल साच्यात वाहण्यापूर्वीच जळल्यासारखा खरखरीत होतो. या दोषाला ‘स्कॉर्च’ म्हणतात, आणि स्कॉर्च झालेला माल पुन्हा मऊ करता येत नसल्याने तो फेकूनच द्यावा लागतो.

प्रत्येक खेपेचा लहानसा नमुना ऱ्हिओमीटर नावाच्या उपकरणात ठरलेल्या तापमानाला तपासला जातो. त्यातील चकती सतत थोडी पुढे-मागे फिरत असते आणि तिला होणारा विरोध आलेखावर उमटतो. आडवे बंध वाढतात तशी रेषा वर चढते व सर्व पेरॉक्साइड संपले की सपाट होते. सात अर्धायुकाल उलटल्यावर मूळ पेरॉक्साइडचा एक टक्काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे १७५ अंशांच्या साच्यात सुमारे सात मिनिटे लागत असतील, तर तेच काम १६५ अंशांना सतरा-अठरा मिनिटे आणि १८५ अंशांना सुमारे तीन मिनिटे मागते. जाड भागाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागत असल्यामुळे हे आकडे त्यानुसार वाढवावे लागतात. प्रेसच्या पॅनेलवर १७५ दिसत असताना साच्याच्या एका कोपऱ्यात तापपट्टी बिघडून प्रत्यक्ष तापमान १६५ च असेल, तर त्या कोपऱ्यातील भाग अर्धकच्चे राहतात आणि बाहेरून मात्र इतरांसारखेच दिसतात.

साचा उघडला की येणारा गोडसर, उग्र वास हा अॅसिटोफिनोनचा असतो. डीसीपीपासून निघालेल्या मूलकाचे दोन शेवट संभवतात: एक तर तो साखळीतील हायड्रोजन घेऊन क्युमिल अल्कोहोल बनतो, नाहीतर स्वतःच मोडून अॅसिटोफिनोन आणि मिथिल मूलक देतो, आणि या मिथिल मूलकाने हायड्रोजन घेतला की मिथेन वायू तयार होतो. वास नको असलेल्या ठिकाणी वेगळी पेरॉक्साइडे वापरतात, तर काही भाग साच्यातून काढून, कडेची जादा फ्लॅश कापून झाल्यावर ओव्हनमध्ये ठेवून ही उपद्रव्ये घालवली जातात. मिश्रणात आम्लधर्मी माती गेली तर पेरॉक्साइड मूलक न देताच वेगळ्या मार्गाने मोडून फुकट जाते, त्यामुळे भरणद्रव्य निवडतानाही काळजी घ्यावी लागते.

ब्रेकमधील रिंग

या रसायनशास्त्राचा अर्थ समजण्यास डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधील चौकोनी छेदाची रबरी रिंग हे चांगले उदाहरण आहे. ब्रेक दाबला की द्रवाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला घट्ट बिलगलेली रिंग किंचित मुरडते. ब्रेक सोडला की ती पूर्ववत होताना पिस्टनलाही मागे ओढून घेते. म्हणजे गळती रोखणे आणि पिस्टन परत आणणे ही दोन्ही कामे या एका रिंगेकडे असतात. ब्रेकचे प्रचलित द्रव ग्लायकॉल वर्गातील असल्याने त्यात न फुगणारे ईपीडीएम रबर येथे योग्य ठरते, परंतु घाट उतरताना तापणाऱ्या कॅलिपरमध्ये वर्षानुवर्षे दाबून राहिल्यावरही रिंगेने आपला आकार विसरता कामा नये.

दाबून तापवलेले रबर सोडल्यावर किती प्रमाणात दबलेलेच राहते, या मोजमापाला ‘कॉम्प्रेशन सेट’ म्हणतात आणि भारतीय मानक आयएस ३४०० च्या मालिकेत रबराच्या अशा चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत. गंधकाचे पूल दाबाखाली तुटून नव्या, दबलेल्या स्थितीत पुन्हा जुळतात, म्हणून गंधकी रिंग हळूहळू चपटी होते. कार्बन-कार्बन बंध तसे सहजी हलत नाहीत, म्हणून पेरॉक्साइडने पक्क्या केलेल्या रिंगेचा कॉम्प्रेशन सेट कमी राहतो. रेडिएटरच्या नळ्या आणि टर्बोचार्जरला जोडणाऱ्या सिलिकोन रबराच्या नळ्या यांच्या बाबतीतही उष्णतेतील हीच स्थिरता पेरॉक्साइडच्या बाजूने कौल देते.

केबल, बंपर आणि चप्पल

डीसीपीचे दुसरे मोठे क्षेत्र विजेच्या केबलचे आहे. १९५८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या फिनोलेक्स केबल्समुळे पिंपरीला या उद्योगाचा जुना परिचय आहे. साधे पॉलिएथिलीन उत्तम विद्युतरोधक असले तरी शंभर-एकशेदहा अंशांच्या आसपास ते वितळते. त्यात सुमारे दोन टक्के डीसीपी मिसळून तारेवर आवरण चढवल्यावर ते दाबयुक्त उष्ण नळीतून नेले की साखळ्या जोडल्या जातात आणि एक्सएलपीई नावाचे, वितळून न वाहणारे आवरण मिळते. अशी केबल ९० अंशांच्या तापमानाला सतत चालवता येते. मात्र आवरणात अडकलेला मिथेन घालवण्यासाठी उच्च विद्युतदाबाच्या केबल काही दिवस उबदार खोलीत ठेवाव्या लागतात. लहान व पातळ तारांसाठी इलेक्ट्रॉन किरणांची किंवा सिलेनची पद्धतही वापरली जाते, त्यामुळे या क्षेत्रात डीसीपीला प्रतिस्पर्धी आहेत.

पॉलिप्रोपिलीनच्या बाबतीत हेच मूलक नेमके उलटे काम करतात. त्याच्या साखळीची रचना अशी असते की हायड्रोजन निघून गेल्यावर ती जोडली जाण्याऐवजी मधूनच तुटते. प्लॅस्टिक उत्पादक या गुणाचा फायदा घेऊन अल्प प्रमाणात पेरॉक्साइड घालून साखळ्यांची लांबी कमी करतात, म्हणजे वितळलेला माल बंपरसारख्या मोठ्या व पातळ साच्यात सहज वाहतो. मोटारीबाहेर पाहायचे झाले, तर चपला व बुटांचे हलके ईव्हीए तळवे फुगवतानाही डीसीपीच साखळ्या जोडून त्यातील बुडबुडे जागच्या जागी धरून ठेवते.

डीसीपीची भावंडेही या पट्ट्यात ठायीठायी भेटतात. फायबरच्या टाक्या, बसचे भाग किंवा गणेशमूर्ती बनवणाऱ्या कार्यशाळेत रेझिनमध्ये एक ते दोन टक्के घातले जाणारे पाण्यासारखे पारदर्शक ‘हार्डनर’ म्हणजे मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड, तर डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये पुट्टीत मिसळली जाणारी रंगीत पेस्ट म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड होय. हेच बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ ते १० टक्के तीव्रतेच्या मलमाच्या रूपात मुरुमांवर दिले जाते आणि टॉवेलचा रंगही उडवते. ही दोन्ही द्रव्ये खोलीच्या तापमानालाच काम करू शकतात, कारण कोबाल्टचे क्षार किंवा अमाइन यांसारखे प्रवेगक त्यांना उष्णतेविना मोडायला लावतात.

धोक्याचे स्वरूप

जो बंध साच्यात हवा तेव्हा तुटतो तो गोदामात नको तेव्हाही तुटू शकतो, आणि तुटताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता जितक्या वेगाने निर्माण होते तितक्या वेगाने बाहेर गेली नाही तर मालाचे तापमान वाढते, तापमानाबरोबर अपघटनाचा वेग वाढतो आणि शेवटी आग किंवा स्फोट होतो. वाहतुकीच्या वेष्टनात माल एक आठवडा ठेवला असता ज्या किमान तापमानाला असे स्वयंवेगी अपघटन सुरू होते, ते तापमान प्रत्येक पेरॉक्साइडसाठी ठरवलेले असते. डीसीपीच्या बाबतीत ते ७५ अंशांच्या आसपास असल्याने ते या कुळातील तुलनेने सौम्य मानले जाते, तर काही पेरॉक्साइडे शून्याखाली थंड ठेवावी लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात सेंद्रिय पेरॉक्साइडांना ५.२ हा स्वतंत्र वर्ग दिला असून, वर लाल व खाली पिवळी अशी चौकट हे त्याचे चिन्ह आहे.

अमेरिकेत टेक्सासमधील क्रॉस्बी येथे ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पुरामुळे आर्केमा कंपनीच्या कारखान्यातील वीज व पर्यायी जनित्रे बंद पडली, शीतगृहातील पेरॉक्साइडे थंड ठेवता आली नाहीत आणि ती आपोआप पेटली. भोवतालचा दीड मैलांचा परिसर रिकामा करावा लागला. महाराष्ट्रात २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक जणांचा बळी गेला, आणि तेथे पेरॉक्साइडसारखी अतिक्रियाशील रसायने वापरली जात असल्याचे त्यावेळच्या वृत्तांमध्ये नमूद होते.

लघुउद्योगातील धोका मात्र बहुधा लहान चुकांतून उद्भवतो. फायबरच्या कामात कोबाल्टचा प्रवेगक आणि पेरॉक्साइड हे दोन्ही रेझिनमध्ये वेगवेगळ्या वेळी मिसळायचे असतात. ते थेट एकमेकांत ओतल्यास क्षणात भडका उडतो. सांडलेला माल लाकडाच्या भुशाने टिपणे, उरलेला माल पुन्हा मूळ डब्यात ओतणे, गंजलेल्या पत्र्याचे माप वापरणे, डबा उन्हात ठेवणे, या गोष्टी सवयीने केल्या जातात आणि त्या सर्व टाळण्यासारख्या आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड पूर्ण कोरडे झाले तर घर्षणानेही पेटू शकते. मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून चष्मा लावणे आणि थेंब उडालाच तर वेळ न दवडता भरपूर पाण्याने डोळा धूत राहणे आवश्यक असते.

घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयी १९८९ चे केंद्रीय नियम अस्तित्वात आहेत आणि राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखान्यांची तपासणी करते. परंतु पाच-दहा किलो हार्डनर बाळगणारी कार्यशाळा किंवा दोन प्रेसचा रबर कारखाना यांच्यापर्यंत नियमांपेक्षा पुरवठादाराचे माहितीपत्रक अधिक लवकर पोहोचते, आणि ते बहुतेक वेळा इंग्रजीत असते. विद्युतवाहनांमुळे इंजिनाचे काही रबरी भाग कमी झाले तरी बॅटरी थंड ठेवणाऱ्या नळ्या, सील आणि उच्च दाबाच्या केबल वाढणार असल्याने पेरॉक्साइडांचा वापर या पट्ट्यातून हद्दपार होण्याची चिन्हे नाहीत. अशा स्थितीत प्रत्येक पिंपावर तीन तापमाने, म्हणजे साठवणीचे कमाल, मिलवरील कमाल आणि साच्यातील नेमके तापमान, मराठी व हिंदीत ठळक अक्षरांत लिहिणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे, कारण प्रेसवर उभ्या असलेल्या कामगाराला हे तीन आकडे ठाऊक असले की रिंग पक्की होणे आणि गोदाम सुरक्षित राहणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात.